टेंगूळ का येत नाही? मादलेनबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात चहासोबत खायच्या केकबद्दल लिहिताना मादलेनचा दोन ओळींत उल्लेख केला होता. शिंपल्याच्या आकाराचे छोटे फ्रेंच बटर केक, एका बाजूला रेघा आणि दुसऱ्या बाजूला फुगून आलेलं टेंगूळ. त्या दोन ओळींवर इतके प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यांनाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि आधीच सांगून ठेवते, निम्म्याहून जास्त प्रश्नांचं उत्तर ओव्हनमध्ये आणि फ्रिजमध्ये आहे, रेसिपीत नाही, त्यामुळे तेच तेच पुन्हा येईल, चालवून घ्या.

ताई, मी मादलेन बऱ्याचदा केले, दर वेळी वेगळी रेसिपी. कधी मध घालून, कधी बेकिंग पावडर वाढवून, कधी अंडी खूप फेटून. चव मस्त येते पण वरून सपाटच. फोटोत दिसतं तसं टेंगूळ येत नाही ते नाहीच. घरी साधा ओटीजी आहे. काय चुकतंय? (डोंबिवली)

आधी रेसिपी बदलणं थांबवा. बेकिंग पावडर तर अजिबात वाढवू नका, त्याने टेंगूळ येत नाही, केक सगळीकडून फुगतो आणि जिभेला तो खारट-तुरट चटका बसतो.

टेंगूळ कसं येतं ते बघा. साच्याचा खळगा कडेला अगदी उथळ असतो आणि मध्ये खोल. पीठ फ्रिजमधून काढलेलं गार असेल आणि ओव्हन सणसणीत तापलेला असेल तर कडेचं पातळ पीठ दोन-तीन मिनिटांत सेट होतं, मधलं मात्र अजून गार आणि ओलंच असतं. मग मधलं तापायला लागलं की त्यातली वाफ आणि बेकिंग पावडरचा गॅस बाहेर पडायला बघतो, पण बाजूला जायला वाव नाही, कडा आधीच घट्ट झाल्यात, मग ते सगळं मधूनच वर उसळतं. म्हणजे गार पीठ आणि गरम ओव्हन यांच्यात जेवढा फरक तेवढं टेंगूळ. तुम्ही पीठ केल्या केल्या साच्यात घातलंत किंवा ओव्हन कोमट असताना साचा आत सरकवला तर कडा आणि मध्य दोन्ही एकाच चालीने शिजतात, उसळायला कारणच उरत नाही, म्हणून सपाट.

आता ओटीजीचं. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं आपण धरून चालतो, पण तो दिवा फक्त सेन्सरजवळची हवा तापली एवढंच सांगतो. भिंती, जाळी, ट्रे अजून तापायचे असतात, त्यामुळे दार उघडलं की ती गरम हवा भसकन बाहेर जाते आणि आत उरतो कोमट डबा. दिवा विझल्यावर अजून पंधरा-वीस मिनिटं तसाच चालू ठेवा. नॉब २२० वर, दोन्ही रॉड चालू, आणि एक जाड लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे आतच मधल्या फळीवर उलटा घालून तापत ठेवायचा. साचा त्या तापलेल्या ट्रेवर ठेवायचा, म्हणजे खालून लगेच धग मिळते. माझ्या मते घरच्या ओटीजीत सगळ्यात जास्त फरक या ट्रेने पडतो. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्या, कारण नॉबवर २२० आणि आत १९० हे अगदी नेहमीचं आहे.

साचा आत गेला की दार उघडायचं नाही, काचेतून बघायचं. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही, पीठ नुसतं पसरून चकचकीत होतं. मग कडेने एक फिकट, मॅट दिसणारी गोल रेघ उमटते आणि ती हळूहळू आत सरकत येते. मध्ये रुपयाच्या नाण्याएवढा ओला डाग उरतो, कधी कधी तो जरा खाली बसल्यासारखाही दिसतो आणि आपल्याला वाटतं गेलं, बसलं. थांबा. तिथूनच ते वर येतं, अर्ध्या-पाऊण मिनिटात, अक्षरशः डोळ्यांदेखत. टेंगूळ आलं की तापमान १८० वर आणा आणि कडा सोनेरी-तपकिरी होईपर्यंत अजून चार-पाच मिनिटं. सगळे मिळून नऊ ते अकरा मिनिटं. बोटाने टेंगूळ दाबलं आणि ते परत वर आलं की झालं.

अंडी खूप फेटण्याबद्दल, नको. अंडी आणि साखर फिकट रंगाची, फेसाळ झाली की पुरे. जास्त हवा भरली की आत मोठी भोकं पडतात.

मागचा अंक मिळाला नाही. मोजून-मापून रेसिपी द्याल का? कपाच्या मापात दिलीत तर बरं. (नाशिक)

मागच्या अंकात रेसिपी नव्हतीच, त्यामुळे काही चुकलेलं नाही. कपात नाही देत, रागावू नका. मैदा चाळून भरला की दाबून भरला यावर कपाचं वजन बरंच बदलतं, आणि हा केक एवढासा असतो की तेवढ्यानेही कोरडा होतो. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या, पोळ्यांची कणीक सोडून सगळ्याला उपयोगी पडतो.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे, सगळं सारख्या वजनाचं. फोडल्यावर १०० ग्रॅम भरतील एवढी अंडी (आपल्याकडची साधारण दोन, अंडी लहान असतील तर तिसऱ्यातलं थोडं), १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम वितळलेलं बटर. शिवाय अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, एका लिंबाची किसलेली साल आणि जमल्यास एक छोटा चमचा मध. यात अठरा-वीस मादलेन होतात.

आपली साखर जाड दाण्याची असते, ती मिक्सरमधून एकदा फिरवून घ्या, अगदी पीठ नको, बारीक रव्यासारखी. तिच्यात लिंबाची साल घालून बोटांनी चोळा, साखर ओलसर होते आणि वास सगळ्या घरात जातो. कागदी लिंबाची साल पातळ असते, फक्त वरचा रंग किसायचा, पांढरं लागलं की कडू. संत्र्याची सालही छान लागते. मग अंडी घालून फेटा, मैदा-बेकिंग पावडर-मीठ चाळून घाला आणि हलक्या हाताने एकत्र करा, शेवटी बटर. बटर कोमट हवं, बोट बुडवलं तर नुसतं उबदार लागेल एवढंच. कढत घातलंत तर बेकिंग पावडर तिथेच अर्धी खर्ची पडते, थंड घातलंत तर गुठळ्या. पिठावर झाकण ठेवून फ्रिजमध्ये कमीत कमी दोन तास, रात्रभर ठेवलं तर उत्तम. सकाळी बघाल तर चमच्यातून पडायला तयार नाही इतकं घट्ट झालेलं असेल. तसंच हवंय, ढवळू नका, दूध घालून सैल तर मुळीच करू नका. चमच्याने प्रत्येक खळग्याच्या मध्ये गोळा ठेवायचा, पाऊण भरेल एवढा, पसरवायचा नाही, ते आपोआप पसरतं.

आणि पहिल्याच खेपेला आंबा-केशर-पिस्ता नको. आधी साधे करा, मग जायफळ-वेलची काय घालायची ती घाला.

बटर कुठलं वापरायचं? आमच्याकडे घरचं लोणी असतं आणि तूपही. सासूबाई म्हणतात घरी एवढं असताना विकतचं बटर कशाला. (कोल्हापूर)

सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे, फक्त एक पायरी मध्ये घालायची.

फरक पाण्याचा असतो. बाजारातल्या बटरमध्ये आपल्याकडे किमान ८० टक्के स्निग्धांश असतो, फ्रान्समधल्या बिनमिठाच्या बटरमध्ये किमान ८२, उरलेलं बहुतेक पाणी आणि थोडे दुधाचे घन पदार्थ. घरच्या लोण्यात पाणी किती ते कोणीच सांगू शकत नाही, कसं काढलं, किती धुतलं यावर ते ठरतं. तसंच घातलं तर एखाद्या दिवशी छान होतील आणि एखाद्या दिवशी चिकट. तुपात उलट, पाणीही नाही आणि दुधाचा भागही नाही, नुसतं स्निग्ध, त्यामुळे केक जरा रवाळ होतो आणि बटरची ती चव येत नाही.

मधली पायरी म्हणजे लोणी कढवायचं, पण तूप होऊन पुढे थोडंसं जाईपर्यंत, आणि गाळायचं नाही. फ्रेंच लोक बटर असंच तपकिरी करून वापरतात, त्याला खमंग सुक्यामेव्यासारखा वास येतो. आपल्याकडे तूप कढवलेल्या कुठल्याही बाईला हे येतंच. आधी तडतड आवाज येतो, ते पाणी जातंय. मोठे बुडबुडे येतात, मग आवाज हळूहळू कमी होतो आणि बारीक पांढरा फेस वर येतो. इथे गॅस बारीक करा आणि भांड्यापासून हलू नका, चमच्याने फेस बाजूला सारून तळ बघत राहा. तळाशी दाणे फिकट पिवळे, मग बदामी, मग तपकिरी होतात आणि हे शेवटचं अगदी पटकन होतं. तपकिरी दिसले की लगेच दुसऱ्या गार भांड्यात ओता, त्याच भांड्यात ठेवलंत तर तळाच्या धगीने काळे होऊन कडवट होतील. ते दाणे म्हणजे आपली बेरीच. लहानपणी साखर घालून खायला भांडायचो ती. सगळी चव तिच्यात असते, म्हणून गाळायचं नाही, खरवडून पिठात घालायची.

यात फायदा असा की पाणी उडून गेल्यामुळे घरचं लोणी काय आणि विकतचं बटर काय, दोन्ही एका पातळीवर येतात. कढवून झाल्यावर वजन करा आणि १०० ग्रॅम घ्या. विकतचं बटर साधारण १२५ ग्रॅम घेतलं तर कढून १०० च्या आसपास उरतं, लोणी जास्त लागेल. लोणी आंबूस झालेलं नको, ताजं हवं, जुन्या सायीचा वास कढवून जात नाही.

तूपच वापरायचं असेल तर ८० ग्रॅम तूप आणि एक मोठा चमचा दूध. आणि घरात त्याच दिवशीची बेरी असेल तर तीही एक चमचा टाका, काय लागतं बघा.

खारं पिवळं बटर चालतं का असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. चालतं. त्यात १०० ग्रॅमला दोन ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, तेव्हा वरून मीठ घालू नका. बिनमिठाचं मिळालं तर तेच घ्या.

अंड्याशिवाय जमेल का? घरात अंडं चालत नाही पण साचा घेऊन बसलेय. (पुणे, आणि याच अर्थाचे इतरही पुष्कळ)

खरं सांगू का, मादलेन अंड्यावर उभा असतो. एवढं सगळं बटर पिठात धरून ठेवतं ते अंड्यातलं पिवळं, आणि फुगलेलं टेंगूळ तसंच उभं ठेवतं ते अंड्यातलं प्रथिन. अंडं काढून बाकीचं तसंच ठेवलंत तर बटर सुटतं आणि साच्यात तळल्यासारखे होतात. म्हणून बटर कमी करायला लागतं, आणि मग तो वेगळा केक होतो. चांगला होतो पण वेगळा.

साच्याचं सार्थक करायचं तर १२० ग्रॅम ताजं गोड दही, ८० ग्रॅम पिठीसाखर, ६० ग्रॅम वितळलेलं बटर, १२५ ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा, लिंबाची साल, आणि लागेल तसं दोन-तीन चमचे दूध. हे पीठ फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, दही आणि सोडा एकत्र आले की लगेच काम सुरू होतं, थांबलात की जोर गेला. १९० वर दहा-बारा मिनिटं. वर जरासा फुगवटा येतो, टेंगूळ म्हणण्यासारखं नाही. रेघा मात्र सुरेख उठतात आणि पाहुण्यांपुढे तीच बाजू वर ठेवायची.

माझ्याकडे ओव्हन नाही. आप्पेपात्रात केले तर? हसू नका. (सांगली)

हसत नाही, मी केलेत. गोल, खमंग, बाहेरून किंचित कुरकुरीत असे बटर केक होतात आणि मुलं गरम गरम संपवतात. पण आप्पेपात्राला धग फक्त खालून, वरची बाजू झाकणाच्या वाफेवर शिजते, त्यामुळे वरून फिकट आणि ओलसर राहतात, उलटायला लागतात, आणि उलटले की टेंगूळ कुठून येणार. बिडाचं पात्र असेल तर आधी चांगलं तापवा, मग गॅस अगदी बारीक, प्रत्येक खळगा अर्धाच भरा, झाकण ठेवून चार-पाच मिनिटं, उलटून दोन मिनिटं. पिठात मध घालू नका, खालून लगेच काळे पडतात. मादलेन म्हणून नाही, पण रविवारी सकाळी करायला काहीच हरकत नाही.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे, २०० च्या वर जात नाही. आणि सिलिकॉनचा साचा घेऊ की पत्र्याचा? (ठाणे)

२०० वर पूर्ण वेळ ठेवा, नऊ-दहा मिनिटं, मध्ये कमी करू नका. पंख्यामुळे हवा फिरती असते म्हणून २०० वरही बऱ्यापैकी टेंगूळ येतं. पीठ मात्र रात्रभर गार झालेलंच हवं, आणि भरलेला साचा ओव्हनमध्ये घालण्याआधी दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, धग कमी आहे ना मग थंडी वाढवायची. पत्र्याचा साचा फक्त कन्व्हेक्शनवर, मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बिनेशन मोडवर चुकूनसुद्धा नाही.

साचा पत्र्याचाच. सिलिकॉनमधून केक सुटतो छान, पण त्यातून धग हळू जाते, शिंपल्याची बाजू पांढुरकी आणि मऊ राहते, ती कुरकुरीत तपकिरी कड येत नाही आणि माझ्या मते त्या कडेसाठीच हे सगळं करायचं. अगदी गडद काळ्या नॉनस्टिकवर उलटा प्रकार, खालून लवकर करपतात, तिथे तापमान दहा-पंधरा डिग्रीने कमी करा.

शिंपल्याच्या रेघा साच्यातच चिकटून राहतात. आणि सुटले तर त्या बाजूला बारीक बारीक खड्डे दिसतात. (मुंबई)

चिकटतात कारण साच्यात गार व्हायला ठेवत असाल. बाहेर काढल्या काढल्या साचा ओट्यावर एकदा आपटून सगळे लगेच जाळीवर उलटायचे, आत राहिले की वाफ धरते आणि मऊ पडून चिकटतात. साच्याला वितळलेलं बटर लावू नका, ते सगळं घळंगळून तळाशी जमतं. मऊ झालेलं बटर ब्रशने रेघांमध्ये नीट फिरवा, वर मैदा भुरभुरा, उलटा करून आपटा, आणि मग साचा फ्रिजमध्ये. खड्ड्यांचं कारण बहुतेक हेच जमलेलं बटर, नाहीतर खाली अडकलेली हवा, त्यासाठी पीठ भरल्यावर साचा हलकेच दोनदा ठोका. स्प्रेचं तेल नॉनस्टिकवर चिकट थर धरतं, पुढे तो निघता निघत नाही.

ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे नुकतीच लिऑनला आलेय. आता मादलेनच्या देशातच आहे म्हटल्यावर घरी करायचे ठरवले पण दुकानात पाकिटं बघूनच गोंधळले. मैदा कुठला, बटर कुठलं, यीस्ट घालायचं का? (लिऑन, फ्रान्स)

अगं, तुला तर सगळं हाताशी आहे. मैद्यासाठी पाकिटावर टी४५ बघ, तो केकचा बारीक पांढरा मैदा, नसेल तर टी५५ पण चालतो. आकडा वाढत जातो तसा कोंडा वाढत जातो, टी१५० म्हणजे जवळजवळ आपली कणीक. बटर ‘दू’ लिहिलेलं घे, ते बिनमिठाचं, ‘दमी-सेल’ म्हणजे खारं. बेकिंग पावडर तिथे ‘लव्ह्यूर शिमीक’ नावाने ११ ग्रॅमच्या छोट्या पुड्यांत मिळते, या प्रमाणाला एका पुडीचा पाव भाग पुरे. ‘लव्ह्यूर बूलांजेर’ घेऊ नकोस, ते यीस्ट.

आणि साखरेत सगळे फसतात. ‘स्यूक्र आं पूद्र’ लिहिलेलं असतं म्हणून आपल्याला पिठीसाखर वाटते, ती पिठीसाखर नसते, बारीक दाण्याची साधी साखर असते, तीच इथे हवी, मिक्सरमधून फिरवायची गरज नाही. पिठीसाखर म्हणजे ‘स्यूक्र ग्लास’. तिथली अंडी आपल्यापेक्षा मोठी असतात, दोनातच १०० ग्रॅम भरतील, तरी वजन कर.

मादलेन नावाच्या मोलकरणीने राजासाठी हे केक केले अशी गोष्ट वाचली. खरी आहे का? (नागपूर)

गोष्ट गोड आहे. फ्रान्सच्या ईशान्येला लॉरेन नावाचा प्रांत आहे, तिथे कॉमर्सी गाव. पोलंडचं राज्य गमावलेला राजा स्तानिस्लास तेव्हा लॉरेनचा ड्यूक होता आणि कॉमर्सीच्या वाड्यात त्याचं येणं-जाणं असायचं. त्याची मुलगी फ्रान्सच्या पंधराव्या लुईची राणी, म्हणजे हा राजाचा सासरा. १७५५ साली म्हणे एका मेजवानीच्या दिवशी स्वयंपाकघरात भांडण झालं, गोडाचं बघणारा आचारी रागावून निघून गेला, आणि मादलेन पोल्मिए नावाच्या मुलीने आजीच्या पद्धतीचे केक करून वेळ मारून नेली. ड्यूकला आवडले आणि तिचंच नाव दिलं. दुसरी एक गोष्ट स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थाच्या यात्रेकरूंची, ते शिंपला खूण म्हणून बाळगायचे आणि त्यावरून आकार आला अशी. दोन्ही दंतकथाच समजायच्या, त्या काळातला कागदोपत्री पुरावा काही कोणी दाखवत नाही. त्याच १७५५ मध्ये नॅन्सी शहरात स्तानिस्लासने बांधवलेल्या भव्य चौकाचं उद्घाटन झालं, तो चौक आजही आहे, त्याच्याच नावाचा. खाण्याचा शौकीन होता हे नक्की, रममध्ये भिजवलेल्या बाबा केकचं श्रेयही त्यालाच देतात.

केक गावाबाहेर नेला तो मात्र रेल्वेने. १८५२ मध्ये पॅरिस ते स्ट्रासबुर्ग लाइन पूर्ण झाली, कॉमर्सी त्या मार्गावरचं स्टेशन. गाडी थांबली की फलाटावर टोपल्या घेऊन विकणाऱ्या बायका मादलेन मादलेन ओरडत खिडक्यांशी यायच्या, लाकडी पट्टीच्या लंबगोल डब्यांतून केक मिळायचे. गाडी कर्जतला थांबल्यावर वड्यासाठी जी धांदल उडते तोच प्रकार. कॉमर्सीत आजही मादलेन बनतात आणि तसे लाकडी डबेही मिळतात.

मी घरून केकच्या ऑर्डर घेते. मादलेन दुसऱ्या दिवशी कोरडे पडतात. टिकवायचे कसे? (पणजी)

नाही टिकत. हा केक भाजल्यापासून पहिल्या काही तासांत जसा लागतो तसा पुन्हा लागत नाही, कड कुरकुरीत आणि आत ओलसर हे दुसऱ्या दिवशी गेलेलं असतं. मध घातला तर तो ओलावा धरतो, एखादा दिवस जास्त मऊ राहतात. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे, गार व्हायच्या आधी नाही, नाहीतर वाफ धरून वरून चिकट होतात, आणि तुमच्याकडच्या दमट हवेत तर बुरशी यायला वेळ लागत नाही. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे केक उलट लवकर शिळा होतो. फ्रीझर चालतो, त्याच दिवशी गार करून घट्ट गुंडाळून ठेवायचे, खायच्या आधी बाहेर काढून १६० वर तीन-चार मिनिटं.

पण ऑर्डरसाठी मी तुमच्या जागी असते तर केक साठवायच्या भानगडीत पडलेच नसते, पीठ साठवलं असतं. पीठ फ्रिजमध्ये दोन दिवस छान राहतं, तसंही त्याला गार व्हायचंच असतं. आदल्या रात्री पीठ, सकाळी साचा भरून भाजायचं आणि दुपारच्या आत पोचतं करायचं. गिऱ्हाइकाला सरळ सांगा, आजच खा. दोन दिवस टिकणारं काहीतरी हवं असेल तर त्यांना फळांचा केक द्या. दोन दिवसांनंतर पिठातली बेकिंग पावडर मंदावते, तेव्हा तिसऱ्या दिवसाचं पीठ ऑर्डरला वापरू नका, घरी खा.

फिनान्सिए आणि मादलेन एकच का? साचा तोच चालेल? (छत्रपती संभाजीनगर)

एक नाही. फिनान्सिएत अंड्याचं फक्त पांढरं, मैदा कमी आणि बदामाची पूड भरपूर, आणि बटर कढवून तपकिरी केलेलंच लागतं, तिथे पर्याय नाही. आकार चपट्या लांबट विटेचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये शेअर बाजाराजवळच्या एका पेस्ट्रीवाल्याने सोन्याच्या विटेचा आकार दिला असं सांगतात, दलालांना हात बरबटवून न घेता उभ्या उभ्या खाता यावेत म्हणून. हा केक त्याआधीही व्हिजिटेशन नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या जोगिणी करायच्या म्हणून ‘विझितांदीन’ नावाने ओळखला जायचा.

कस्टर्डला किंवा आइस्क्रीमला पिवळं वापरून पांढरं उरतं ना, ते इथे कामी येतं. १०० ग्रॅम पांढरं, १०० ग्रॅम पिठीसाखर, ५० ग्रॅम बदामाची पूड, ४० ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम कढवलेलं बटर, चिमूटभर मीठ. बदाम भिजवायचे नाहीत, कोरडेच, यातलीच थोडी साखर घालून मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवायचे, एकदम फिरवले की तेल सुटून गोळा होतो. पांढरं फेटायचं नाही, काट्याने मोडून नुसतं मिसळायचं. तासभर गार करून १९० वर बारा-चौदा मिनिटं. मादलेनचा साचा चालतो, पण पाऊणपेक्षा कमी भरा, आणि हे मात्र दुसऱ्या दिवशीही चांगले लागतात, काही जणांना तर दुसऱ्या दिवशीच जास्त आवडतात.